दोरीचं दुसरं टोक

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका दाराची रुंदी मोजली. बास. देवदर्शन नाही, गोडधोड नाही, निरोपाचं बोलणं नाही. मी डाव्या बाजूला उकिडवा बसलो, दोरीचं टोक चौकटीला अंगठ्यानं दाबलं आणि म्हणालो, "धर गं." तिनं उजवीकडे दोरी ताणली, चौकटीपाशी गाठ मारली आणि दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे झालं. मी दोरी गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि आम्ही लिफ्टनं खाली आलो.

पुढचं सांगायच्या आधी एक सांगतो. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. मी सुतार. कराडकडचा. उमेदीच्या काळात स्मशानाला लागून असलेल्या लाकडाच्या वखारीत वर्षानुवर्षं झोपलोय, तिथं डासांशिवाय माझ्याकडं कोणी आलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून चहा प्यायला जायचो. माझी सून प्राची ही तुमची साइट वाचते. इथले भुताखेतांचे अनुभव ती आम्हाला वाचून दाखवायची तेव्हा मीच म्हणायचो, या लोकांना जरा कमी जेवायला सांगा. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली... माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी कागदावर लिहिलंय, प्राची टाइप करणार आहे. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारू नकोस.

२००६ सालची गोष्ट. आमचा मुलगा संतोष शिकागोत नोकरीला. त्यानं उन्हाळ्यात आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तेव्हा तो शिकागोबाहेर शॉमबर्गला भाड्याच्या घरात राहायचा. घर मोठं, मागं हिरवळ, सगळं छान. पण घराबाहेर पडलं की रस्ता, त्याच्या पलीकडं आणखी एक रस्ता, आणि माणूस म्हणाल तर एकही नाही. गाडी चालवता येत नसेल तर तुम्ही तिथं कैदी. माझी बायको इंदू म्हणायची, "इथं चालत जाण्यासारखं एकच ठिकाण आहे, पत्रांची पेटी." आणि खरंच रोज साडीवर बूट घालून त्या पेटीपर्यंत जाऊन यायची. पत्र कुणाचं येणार होतं? तरी जायची.

संतोषच्या ते लक्षात आलं असणार. त्यानं शहरात अपार्टमेंट विकत घ्यायचं ठरवलं. म्हणाला, आण्णा, असं घर बघतो की तुम्हा दोघांना खाली उतरून पायी फिरता आलं पाहिजे. त्याच्या मनात आम्ही इथंच कायमचं राहावं असं होतं. माझ्या मनात नव्हतं. मला परत जायचं होतं. इंदूचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

बरीच घरं बघितली. हे शेवटचं. शिकागोच्या उत्तर भागात, तळ्याच्या काठावर. तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ दिसत नाही. तिथं ओळीनं उंच उंच इमारती आहेत, आणि एवढी माणसं राहत असून सगळा भाग शांत. झाडं, बाक, कोपऱ्यावर भाजीचं दुकान. घर अठराव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर आलं की लांबच लांब बोळ, खाली जाड गालिचा, पावलाचा आवाज येत नाही. दोन्ही बाजूंनी बंद दारं, सगळी एकसारखी. आत माणसं आहेत हे दारापुढं पडलेल्या पेपरावरून समजायचं, तेवढंच. मला पहिल्या दिवशीच तो बोळ आवडला नाही. कुणीतरी दाराआड श्वास रोखून उभं आहे असं वाटायचं.

घर दाखवायला बार्बरा नावाची गोरी बाई होती, एजंट. तिनं दार उघडलं. इंदूनं बोळातच बूट काढले, हे बघून ती बाई गडबडली. मग इंदू दारात उभी राहिली ती राहिलीच. आत जाईना.

मी म्हटलं, काय झालं?

"अहो, उंबरा नाही."

तिथं नुसती एक पितळी पट्टी होती, जमिनीत चेपलेली. बोळातला गालिचा तिच्याशी संपत होता आणि घरातली लाकडी जमीन तिथून सुरू होत होती. संतोष म्हणाला, आई, अमेरिकेत उंबरा नसतो, शॉमबर्गच्या घराला तरी कुठं आहे? ती म्हणाली, ते आपलं घर नाही, भाड्याचं आहे. बार्बरानं विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का? संतोषनं तिला इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, ती हसून पट्टीवर आपले बूट पुसायला लागली.

मग इंदू जे बोलली ते नीट लक्षात ठेवा, कारण त्याच वाक्यानं पुढं माझी झोप उडवली. ती म्हणाली, "उंबरा नसला तर माणूस आत आलं कधी आणि बाहेर गेलं कधी, हे कळायचं कसं?"

शेवटी उजवा पाय टाकून आली आत. सगळं घर फिरली. खिडकीतून तळं बघितलं, म्हणाली, समुद्रच की हो. खाली भाजीचं दुकान दिसत होतं. संतोषला दोनदा विचारलं, मी एकटी जाऊ शकते ना तिथं? सिग्नल ओलांडायला लागतो का? सिग्नल लागत नाही म्हटल्यावर जो चेहरा फुलला तिचा! बाहेर पडताना मला म्हणाली, घर चांगलंय, मी राहीन इथं, उंबरा तेवढा तुम्ही करा.

माझ्या खिशात सुताची दोरी कायम असते. लोकांच्या खिशात तंबाखू असते तशी. टेप नसली की दोरीनं माप घ्यायचं, गाठ मारायची, त्या गाठीवर लाकूड कापायचं. धंदा सुरू केला तेव्हा हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती, तर इंदू यायची दुसरं टोक धरायला. लोक हसायचे, सुताराची बायको बांधकामावर आली म्हणून. ती डावखुरी. तिची गाठ उलटी बसायची, मला ती कधी सोडवता यायची नाही. त्यावरून किती बोललोय तिला. ती म्हणायची, सोडवायला कशाला पाहिजे, मोजायला मारलीय ना?

तर असं ते माप घेतलं. शनिवार होता.

मंगळवारी सकाळी ती कणीक मळताना स्वयंपाकघरात खाली बसली. मला वाटलं, काही सांडलं म्हणून पुसायला बसली. हाताला कणीक तशीच होती. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. दोन दिवस हॉस्पिटलात नळ्या लावून ठेवली, आणि मग गेली. पुढचं सगळं इकडच्या पद्धतीनं. एका खोलीत नेलं, बटण दाबलं, झालं. लाकूड नाही, धूर नाही. आयुष्यभर लाकडात काम केलं आणि बायकोला चार लाकडं देऊ शकलो नाही.

भेटायला इथल्या मराठी मंडळातली माणसं आली. चांगली माणसं, डबे घेऊन आली. पण बायका म्हणायला लागल्या, काका, सवाष्ण गेल्या, सोनं झालं त्यांचं. मी म्हटलं, कसलं सोनं? तुमच्या नवऱ्यांना विचारा त्यांना असलं सोनं पाहिजे का. प्राचीनं मला आतल्या खोलीत नेलं.

मग संतोषनं विचारलं, आण्णा, ते घर घ्यायचं का सोडायचं? वकील म्हणतोय अजून मागं फिरता येईल. पोरगं रडवेलं झालं होतं. मी म्हटलं, घे. तिनं हो म्हटलंय. मी उंबरा करून देतो आणि मग जातो गावाला. इथं राहायला मला सांगू नकोस. त्यानं माझं तिकीट काढलं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचं, एकट्याचं. तिच्या अस्थी मी बरोबर नेणार होतो.

वरवर सगळं ठरलं. पण मला झोप लागेना. आडवं पडलं की तिचं ते वाक्य. आत आलं कधी आणि बाहेर गेलं कधी... गावाकडच्या घराला कुलूप. शॉमबर्गचं घर सोडायचं. नवीन घरात ती एकदाच पाय टाकून आली. मग आता ती आहे कुठं? मी न मानणारा माणूस, तरी अंथरुणात हाच विचार करत पडायचो. तो लांब बोळ डोळ्यांपुढं यायचा, आणि सगळ्या एकसारख्या दारांपुढं इंदू बूट हातात घेऊन उभी आहे, आपलं दार कुठलं हे तिला कळत नाही, असं दिसायचं. उठून बसायचो.

घर नावावर झालं. संतोषनं बिल्डिंगच्या मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला बोळाला हात लावू नका, दाराखालची पट्टी बदलायची तर बदला. दाराखाली फट होती तेवढ्याच उंचीचं लाकूड बसणार होतं. उंबरा कसला, उंबऱ्याचं पोर. ओकची एक फळी आणली. साग नाही, पण जड आणि सरळ लाकूड. फळीत तीन तुकडे निघत होते, मला एकच पाहिजे होता. माझा रंधा आणि पटाशी मी येताना बॅगेतून आणली होती, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. तेव्हा संतोष हसला होता.

शॉमबर्गच्या गॅरेजमध्ये दोरी काढली. इंदूची गाठ होती तशीच होती. त्या गाठीवर लाकूड कापलं, रंधलं, गाडीत घालून नेलं. दारात ठेवलं तर दोन बोटं आखूड!

मी चक्रावलो. तिच्या गाठीवर कापलेलं लाकूड आजपर्यंत कधी आखूड पडलं नव्हतं. संध्याकाळी उलगडा झाला. प्राचीनं माझा कोट धुवायला टाकला होता, खिशातल्या दोरीसकट. इथं कपडे वाळत घालत नाहीत, ड्रायर नावाच्या गरम पिंपात फिरवतात. सुताची दोरी ती, आटणारच. प्राची बिचारी रडायला लागली. मी तिला म्हटलं, असू दे. पण रात्रभर दोरी पाण्यात भिजवून, दगड बांधून टांगून ठेवली. आटलेलं सूत परत येत नाही, मलाही माहीत होतं. तिच्या हातचं शेवटचं माप गेलं ते गेलं.

म्हटलं ठीक आहे, टेपनं घेऊ. संतोषनं नवी टेप आणली. मी मोजलं, त्यानं मोजलं, दोघांचं एकच आलं. चूक व्हायला नको म्हणून लाकूड तिथंच, त्या रिकाम्या घरात कापलं. दारात ठेवलं. अर्धं बोट आखूड.

आता हे मी कसं समजावून सांगू? कापलेलं लाकूड मोजलं, टेपच्या आकड्याला बरोबर. दार मोजलं, तेही बरोबर त्याच आकड्याला. आणि लाकूड दारात ठेवलं की एका कडेला फट, माझं अर्धं बोट आत जाईल एवढी. चौकट लाकडी असती तर म्हटलं असतं, हवेनं हलली. ती लोखंडी. लोखंडाला काय धाड भरलीय? संतोष इंजिनिअर आहे, त्याच्याकडं सगळ्याला कारण असतं. म्हणाला, टेपचं हूक ढिलं असतं आण्णा, त्यात एरर येते. मी म्हटलं, अर्ध्या बोटाची? मग म्हणाला, करवतीच्या पात्याची जाडी धरायला विसरला असाल. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो खिडकीपाशी गेला.

मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. फट उजव्या बाजूला पडत होती. तिच्या बाजूला.

सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. वर्ष व्हायच्या आत वास्तुशांत करायची नव्हती, पण देव तरी उंबरा ओलांडून आत जावेत असं माझ्या मनात होतं. फळीत शेवटचा तुकडा राहिला होता. तो चुकला तर संपलं. उंबऱ्याशिवाय सगळे आत येणार, आणि मी पुढच्या आठवड्यात विमानात. तिनं आयुष्यात मागून मागितलं काय तर एक उंबरा.

संतोष आणि प्राचीला जुनं घर झाडून किल्ल्या द्यायला जायचं होतं. मी म्हटलं, मला इथं सोडून जा. संतोषला ते पटत नव्हतं, शेवटी माझ्या हातात मोबाइल देऊन म्हणाला, काही वाटलं तर दोनचं बटण दाबून धरा.

दुपारची वेळ. दार उघडं ठेवलं, ते मिटू नये म्हणून खाली तो आखूड पडलेला तुकडाच अडकवला. घरात एक खुर्चीसुद्धा नव्हती. थंडीत इकडं ऊन लवकर उतरतं, तळ्यावरचा उजेड आत जमिनीवर पसरला होता, पण बोळात तेच पिवळट दिवे, दिवस-रात्र सारखे. कुठं माणसाचा आवाज नाही. भिंतीत कुठंतरी हवेची मशीन घुमत होती, तेवढंच. टेप लावली. तोच आकडा. परत लावली. तोच आकडा. त्या आकड्यावर कापलं तर परत फट राहणार, हे मला दिसत होतं. करवत उचलली आणि परत खाली ठेवली. या हातांनी आता करवत धरायची नाही असं वाटलं.

टेप टाकून दिली आणि दोरी काढली. तीच, आटलेली. तिच्या गाठीच्या पुढं बरीच दोरी शिल्लक होती. मी डाव्या बाजूला उकिडवा बसलो, टोक चौकटीला अंगठ्यानं दाबलं, बाकीची दोरी उजवीकडं टाकली. माझा विचार असा की तिकडं चिकटपट्टी लावून अडकवावी, लोखंडात खिळा जाणार नाही. चिकटपट्टी कुठं ठेवली म्हणून मी मागं बघत होतो. आणि बघता बघता, सवयीनं, तोंडातून गेलं...

"धर गं."

माझीच मला लाज वाटली. मान खाली घातली. रडू आलं असणार, मला आता नक्की आठवत नाही.

आणि दोरी उचलली गेली.

झटक्यानं नाही. गुडघे दुखणारं माणूस वाकून एखादी वस्तू उचलतं ना, अडखळत, थोडं थांबत, तशी. जमिनीवरनं वर आली, आणि ताणली गेली. माझ्या अंगठ्याखाली ओढ बसली. मी मान वर केली नाही. मला फक्त दोरी दिसत होती, तिच्यावरची जुनी गाठ, आणि पलीकडं पितळी पट्टीचं टोक. तिथं पाय आहेत का हे मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. बघितलं आणि कोणी नसलं तर? आणि असलं तर?

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. खोटं कशाला बोलू. बायको असली तरी वाटली. पण अंगठा मी काढला नाही. माप घेताना अंगठा काढायचा नसतो.

दोरी जराशी थरथरत होती, पलीकडच्या टोकाला काम चालल्यासारखी. माझ्या मनात इतके दिवस जे होतं तेच विचारलं.

"इंदू, आत आहेस का बाहेर?"

दोन हिसके आले. एक, आणि लगेच दुसरा. मग दोरी सैल होऊन खाली पडली.

मी अंगठा तसाच दाबून बसलो. लिफ्टची घंटी वाजली. एक म्हातारी गोरी बाई दोन पिशव्या घेऊन बोळातून आली, मला दारात जमिनीवर बसलेलं बघून थांबली. "यू ओके?" म्हणाली. मी म्हटलं, ओके. तिनं पिशवी खाली ठेवून माझ्या खांद्यावर जरा थोपटलं आणि गेली. तेव्हा कुठं अंगठा काढला. त्यावर दोरीचा वळ उठला होता, पांढरा.

रांगत उजवीकडं गेलो. दोरीवर नवीन गाठ होती. जुनीच्या पुढं, घट्ट, उलटी बसलेली. दोरी सरळ धरून टेप लावली. आमच्या आकड्यापेक्षा अर्धं बोट जास्त.

संतोष आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मला जवळ घेतलं, आणि मग हळूच म्हणाला, आण्णा, गाठ तुमच्याच हातून मारली गेली असेल, तुम्हाला भान नव्हतं. असेल बाबा. मीही तसं धरून बघतो. पण मग माझ्या अंगठ्यावरचा वळ? एक माणूस दाराच्या दोन्ही बाजूंना कसा बसेल? उलटी गाठ मी त्यानंतर किती तरी वेळा मारून बघितली, डाव्या हातानं, उजव्या हातानं. येत नाही. प्राची म्हणते, बोळातनं वारा आला असेल. वाऱ्यानं दोरी हलते हे मान्य, वारा गाठ कशी मारतो ते मला कुणी सांगावं. आणि टेप खोटी का पडत होती, हे तर मला आजही उमगलेलं नाही. तुमच्यात कोणी शिकलेला असेल तर विचार करून बघा. मला कुणाला पटवायचं नाही. मी इतरांचं ऐकून हसलोय, तुम्ही माझं ऐकून हसलात तर फिटंफाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं तेवढं सांगतो.

खाली ट्रक लागला होता. प्राची देवांची टोपली आणि दुधाचं पातेलं घेऊन बोळात उभी. संतोषच्या हातात टेप. म्हणाला, आण्णा, शेवटचा तुकडा आहे, एकदा चेक करू या? मी म्हटलं, नको. दोरी लाकडावर धरली, नव्या गाठीवर पेन्सिल टेकवली, काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारली आणि कापलं. हात हलला नाही. कडा रंधून घेतल्या. खालच्या बाजूला पटाशीनं बारीक खाच काढली, दोरी दोन्ही गाठींसकट त्या खाचेत बसवली आणि लाकूड दारात ठेवलं. मुठीनं दोनदा ठोकलं. बसलं. डाव्या बाजूला नखसुद्धा जाईना, उजव्या बाजूलाही जाईना. संतोष खाली वाकून बोट फिरवत राहिला. दोरी अजून तिथंच आहे. ज्याला खात्री करायची असेल त्यानं माझा उंबरा उपटावा, पण मी जिवंत आहे तोवर ते होणार नाही.

प्राची म्हणाली, आण्णा, तुम्ही आधी. मी बोळात बूट काढले. उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून जरा वेळ उभा राहिलो. मग उजवा पाय टाकून आत गेलो, आणि मागं वळून संतोषला म्हणालो, "ते तिकीट कॅन्सल कर."